बंद पडलेलं रडार परवडलं

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत लहानाची मोठी झालेली, लग्न होऊन आता उलव्यात, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाशेजारी राहणारी आणि इथल्याच एका आयटी पार्कात सर्व्हर सांभाळणारी मुलगी संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली. तिचा प्रश्न असा: "काका, आता आमच्या डोक्यावरून विमानं जायला लागलीत. नोव्हेंबरात दिल्लीचं रडार बंद पडलं आणि आठशे विमानं रखडली. तसं इथे झालं तर? रडार गेलं की कंट्रोलर आंधळाच ना? आणि तुम्ही म्हणता प्रत्येक गोष्टीला बॅकअप असतो, मग बंद पडतंच कसं?"

तिळगूळ खाता खाता देण्यासारखं हे उत्तर नव्हतं, म्हणून लिहून देतो. मी बत्तीस वर्षं विमानतळांवर रडार, रेडिओ आणि त्यांच्या यूपीएसची देखभाल केली. कंट्रोलर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा, कधीच नव्हतो. कंट्रोलरच्या शिव्या खाणारा इंजिनियर होतो.

आधी दिल्लीचं. ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत रडार बंद पडलं नव्हतं, ते व्यवस्थित फिरत होतं. बिघडली होती एएमएसएस, म्हणजे विमानतळांमधले संदेश आपोआप ज्याला त्याला पोहोचवणारी यंत्रणा. प्रत्येक विमानाचा फ्लाइट प्लॅन तिच्यातून कंट्रोलरच्या संगणकात जातो. ती अडकल्यावर माणसं बसवून हातानं प्लॅन भरावे लागले, वेग मंदावला आणि रांग लागली. पोस्टमन संपावर गेला म्हणून घराच्या खिडक्या बंद होत नाहीत, तसंच हे. पण आपल्याकडे फ्यूज उडो, ट्रान्सफॉर्मर जळो की बिल थकल्यावर वायरमन येऊन कनेक्शन तोडो, आपण 'लाइट गेली' एवढंच म्हणतो. विमानतळाच्या बाबतीत तसं 'रडार बंद' म्हणतात.

रडारही एक नसतं, दोन असतात, आणि बहुतेक ठिकाणी एकाच खांबावर एकाच मोटरीने फिरतात. खालचा मोठा वाकडा अँटेना प्रायमरीचा. तो हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. एक नॉटिकल मैल (सुमारे १.८५ किलोमीटर) जाऊन परत यायला लहरीला १२.३६ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजली की अंतर कळलं, अँटेनाचं तोंड कुठे होतं त्यावरून दिशा कळली. बस्स. विमान कोणतं आहे, किती उंचावर आहे, हे विमानतळावरच्या साध्या प्रायमरीला ठाऊक नसतं. त्याच्या डोक्यावरचा लांबट आडवा अँटेना सेकंडरीचा. तो १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतो आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० वर उत्तर देतो: माझा कोड हा, माझी उंची ही. तो कोड चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते ७ मधला, म्हणजे एकूण ४०९६. त्यातला ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७७०० म्हणजे जीवावर बेतलंय.

उंची कळणं न कळणं किती महाग पडतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ वर चढत होतं, कझाकस्तानचं आयएल-७६ दिल्लीकडे उतरत होतं. एकाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५ हजारांवर. उतरणारं विमान १५ हजारांवर थांबलं नाही. कंट्रोलरपुढचं रडार तेव्हा नुसतं प्रायमरी होतं, त्यामुळे त्याला दिसले फक्त दोन ठिपके. एकमेकांवर येणारे ठिपके पाहून तो घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण मध्ये हजार फूट आहेत असं रेडिओवर ठरलेलं होतं. ३४९ माणसं गेली. रडार बिघडलेलं नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने खरंच सांगितलं. त्यानंतर दिल्लीला सेकंडरी रडार आलं, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

मग प्रायमरी कशाला ठेवायचं, असं तू म्हणशील. ज्याचा ट्रान्सपाँडर बंद आहे त्याला पाहायला दुसरं काही नाही म्हणून. पण त्याचे नखरे असतात. ते डोंगर पाहतं, पाऊस पाहतं, समुद्राच्या लाटा पाहतं. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर दमट हवेवर गरम-कोरड्या हवेचे थर असे बसतात की लहरी त्यात अडकून पाण्याला चिकटून लांबवर जातात आणि एरवी क्षितिजाखाली असणारी जहाजं स्क्रीनवर उगवतात. आणि आपल्या ठाणे खाडीतले फ्लेमिंगो! संध्याकाळी थवा उठला की प्रायमरीला तो एखाद्या छोट्या विमानाइतका ठसठशीत दिसू शकतो. न हलणाऱ्या गोष्टी गाळणारी चाळणी रडारमध्ये असते, पण फ्लेमिंगो हलतात, हीच तर अडचण. चाळणी बारीक करावी तर सावकाश जाणारं खरं विमानही गाळलं जाण्याची भीती.

सेकंडरीला पक्षी दिसत नाहीत. तिला भुतं दिसतात. घोडबंदर रोडवर नाहीतर पाम बीचला उभे राहिलेत तसले काचेचे मनोरे आरशासारखे वागतात: विमानाचं उत्तर इमारतीवर आपटून येतं आणि तोच कोड, तीच उंची घेऊन एक दुसरंच विमान भलत्याच दिशेला उभं राहतं. बिल्डर लोक उंचीच्या एनओसीसाठी हेलपाटे घालताना कुरकुरतात, पण ते नियम विमान इमारतीला धडकू नये एवढ्यासाठीच असतात असं समजू नकोस.

आता बिघाडांकडे येतो. गोंगाट करून येणारे बिघाड मी भरभर सांगून टाकतो, कारण त्यांची मला कधी भीती वाटली नाही. जवळच्या विमानांसाठीचा अँटेना मिनिटाला बारा ते पंधरा फेरे मारतो. पंधरा धरले तर दिवसाला २१,६०० आणि वर्षाला पाऊण कोटीच्या वर, ऊन असो की आषाढातला पाऊस. मग बेअरिंग झिजतं, गिअरबॉक्सचं तेल गळतं, फिरत्या आणि स्थिर भागांना जोडणारा रोटरी जॉइंट ठिणग्या टाकायला लागतो. कोकणपट्टीची खारी हवा प्रत्येक कनेक्टरला हिरवा गंज चढवते. अँटेनाकडे लहर नेणाऱ्या पोकळ नळीत सुकी हवा भरून ठेवावी लागते; ती सुकवणारं यंत्र जुलैत बंद पडलं तर आत पाणी साचतं आणि ट्रान्समीटर रडायला लागतो. जुन्या ट्रान्समीटरात एकच मोठी नळी असायची, ती गेली की सगळं गेलं. आताच्यांत ट्रान्झिस्टरची बरीच मॉड्यूल असतात, त्यातली दोन-तीन मेली तर पल्ला थोडा कमी होतो, इतकंच. या सगळ्यात लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, यंत्र चॅनेल ए वरून आपणहून त्याच्या जुळ्या संचावर, चॅनेल बी वर जातं, आणि आम्ही पाने घेऊन जिना चढतो.

वीज हा यातला जरा वेगळा प्रकार. १ जानेवारी २०२३ ला मनिलाच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात यूपीएस गेला, दुसरा यूपीएस मदतीला आला नाही, आणि यंत्रणा थेट बाहेरच्या विजेवर जोडल्यावर जास्तीच्या व्होल्टेजने उपकरणं बसली. फिलिपिन्सचं आकाश कित्येक तास जवळजवळ बंद होतं. ते वाचून मला नवल वाटलं नाही. समुद्राकाठच्या एका विमानतळावर मी असताना जूनच्या पहिल्या पावसात बाहेरची वीज गेली. यूपीएसने भार उचलला, डिझेल जनरेटर मात्र सुरूच होईना. टाकी भरलेली, इंजिन उत्तम. पण जनरेटरला स्टार्ट करायलाही मोटारगाडीसारखी बॅटरी लागते, आणि ती मेलेली. दर सोमवारी तिचं व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं जात होतं, १२.६. भार न टाकता मोजलं की मरायला टेकलेली बॅटरीही १२.६ दाखवते! ड्रायव्हरच्या जीपची बॅटरी काढून आणेपर्यंत यूपीएसही संपला. तुला वाटेल वीज आली की रडार आलं. तसं नसतं. संगणक उठायचा, अँटेनाने वेग धरायचा, सगळ्या चाचण्या व्हायच्या, मग कंट्रोलरला 'घ्या' म्हणायचं. तेवढा वेळ जीव टांगणीला.

तिसरी जागा म्हणजे तारा. रडार डोंगरावर किंवा धावपट्टीच्या कडेला, कंट्रोलर भलतीकडे, मध्ये फायबर. अमेरिकेत २८ एप्रिल २०२५ ला नेवार्क विमानतळाची विमानं सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातल्या कंट्रोलरांचे स्क्रीन सुमारे ९० सेकंद काळे झाले आणि रेडिओही गेला. तिथेही रडार ठणठणीत होतं. न्यूयॉर्कहून चित्र आणणारी लाइन गेली होती. दोन लाइन घ्याव्यात हे सगळ्यांना कळतं. आम्हीही घेतल्या होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगवेगळी बिलं. एके दिवशी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने एक बादली मारली आणि दोन्ही गेल्या. खड्ड्यात उतरून पाहिलं तर दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच पाइपातून नांदत होत्या. कागदावरचा बॅकअप आणि मातीतला बॅकअप यांची गाठ अशी जेसीबीच घालून देतो. ठाणे-बेलापूर रोडवर वर्षभर खोदकाम बघतेस ना, म्हणून तुला हे पटेल.

आता ज्याची मला खरी भीती वाटायची ते. बंद पडलेलं रडार परवडलं, कारण ते बंद आहे हे सगळ्यांना दिसतं. चालू दिसणारं आणि चुकीचं दाखवणारं रडार नको.

एका विमानतळावर जुनं यंत्र होतं. गिअरबॉक्सचं काम करून महिना झाला होता. रात्रपाळीला एका कंट्रोलरने फोन केला: "साहेब, विमान आयएलएसवर बसलंय म्हणून पायलट सांगतोय, पण मला ते रनवेच्या रेषेच्या डावीकडे दिसतंय." आयएलएस म्हणजे विमानाला धावपट्टीच्या रेषेत धरून खाली आणणारे रेडिओ संकेत. मी माझ्या पॅनेलवर पाहिलं. एकही लाल दिवा नाही. चॅनेल ए निरोगी, चॅनेल बी निरोगी. तरी ए वरून बी वर नेलं. विमान अजून डावीकडेच. पायलट नवीन असेल, असं मी म्हणालो. हे वाक्य मला अजून टोचतं. दहा मिनिटांनी पुढचं विमान आलं आणि तेही डावीकडे. मग मात्र घाम फुटला.

झालं असं होतं: अँटेनाचं तोंड कुठे आहे हे सांगणारा एन्कोडर असतो. एका फेऱ्यात तो ठरावीक खुणा मोजून देतो, आमच्या त्या यंत्रात ४०९६. तो अँटेनाच्या दांड्याला एका कपलिंगने बांधलेला. काम झाल्यावर त्याचा बारीक स्क्रू नीट आवळला गेला नव्हता, आणि दांडा रोज कणाकणाने सरकत होता. अंतर बरोबर, कोड बरोबर, उंची बरोबर. दिशा तेवढी दोन अंशांनी खोटी. दहा मैलांवर दोन अंश म्हणजे सहाशे मीटरच्या वर, साठ मैलांवर दोन मैल. गंमत अशी की सगळीच विमानं सारखीच सरकलेली असल्यामुळे त्यांच्यातलं आपसातलं अंतर स्क्रीनवर ठीकच दिसत होतं. गोंधळ कुठे झाला असता? डोंगराशी. नकाशावरचा डोंगर जागेवर आणि विमान बाजूला. आणि शेजारच्या रडारवरून आलेल्या विमानाशी, कारण ते रडार खरं बोलत होतं.

चॅनेल बदलून काही झालं नाही, कारण ए आणि बी दोघांनाही दिशा सांगणारा एन्कोडर एकच होता. दोन डॉक्टर, पण थर्मामीटर एक.

याच्यासाठी उपाय नव्हता असं नाही. रडारपासून काही अंतरावर, मोजून-मापून ठरवलेल्या जागी एक ट्रान्सपाँडर बसवलेला असतो. तो हलत नाही. प्रत्येक फेऱ्यात रडारने त्याला विचारायचं, आणि तो ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या अंतरावर दिसलाच पाहिजे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो 'पॅरट', म्हणजे पोपट. पोपट जागचा हलला की अलार्म. मग त्या रात्री अलार्म का वाजला नाही? कारण पावसाळ्यात त्याचं उत्तर थोडं थरथरायचं, रात्री तीन-तीनदा भोंगा वाजायचा, आणि कुणीतरी त्याची मर्यादा सैल करून ठेवली होती. सकाळी लॉगबुक काढलं. दोन महिन्यांपूर्वीची नोंद, 'वारंवार खोटा अलार्म, मर्यादा वाढवली', आणि खाली सही माझी. आमच्याकडच्या पोरांनी त्यावर पुढे बरेच दिवस विनोद केले: पोपट हलला नाही, पोपट साहेबांचा झाला.

काही अपघात झाला नाही. कंट्रोलरने दोन विमानं पाहिली आणि तिसऱ्याची वाट न पाहता शेजारच्या रडारचं चित्र मागून घेतलं. नव्या यंत्रांत एन्कोडर दोन असतात, त्यांच्यात फरक पडला की यंत्र ओरडतं. शिवाय आता अनेक रडारांची चित्रं एकावर एक ठेवून पाहणारा संगणक असतो, त्याला एखादं रडार तिरकं झालंय हे लवकर कळतं. तरीपण सैल केलेली मर्यादा हा रोग यंत्र नवं झालं म्हणून जात नाही. तुमच्याकडेही रात्री सतावणारे अलर्ट कुणीतरी म्यूट करतंच की.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे शिळं चित्र. एखाद्या फेऱ्यात विमान सापडलं नाही तर संगणक लगेच त्याला पुसत नाही. ते आधी ज्या वेगाने, ज्या दिशेने जात होतं तसंच गेलं असेल असं धरून पुढे सरकवतो. हे चांगलंच आहे, नाहीतर ठिपके लुकलुकत राहिले असते. अशा अंदाजाने चालवलेल्या विमानाचं चिन्ह वेगळं दिसतं आणि थोड्या फेऱ्यांनी ते गळून पडतं. अडचण येते जेव्हा मधलाच संगणक गोठतो: सगळी विमानं, सगळे आकडे, सगळं सुंदर, फक्त दहा सेकंदांपूर्वीचं. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद दाखवणारं घड्याळ असतं. जुने कंट्रोलर बोलता बोलता त्या घड्याळाकडे ज्या सवयीने बघतात, ती सवय लागायला वर्षं जातात.

आता तुझा बॅकअपचा प्रश्न. तो बॅकअप खरोखर वेगळा असेल तरच उपयोगाचा, हे माझं मत एन्कोडरने घडवलं. पण तुझ्या धंद्यातली दोन उदाहरणं त्याहून बोलकी आहेत. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमध्ये एक फ्लाइट प्लॅन आला. त्याच्या मार्गात एकाच नावाचे दोन बिंदू होते, एक फ्रान्सात आणि दुसरा थेट अमेरिकेत. फ्लाइट प्लॅन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ लागेना, आणि चुकीची माहिती कंट्रोलरला देण्यापेक्षा आपण बंद झालेलं बरं म्हणून ते थांबलं. तोपर्यंत योग्यच. मग काम बॅकअपकडे गेलं. बॅकअपमध्ये तेच सॉफ्टवेअर, त्याला दिला तोच प्लॅन, आणि तेही थांबलं. सात लाखांहून जास्त प्रवाशांचा खोळंबा. जुळा भाऊ हा बॅकअप नसतो.

दुसरं लॉस एंजेलिसचं, १४ सप्टेंबर २००४. तिथल्या केंद्रातल्या रेडिओ जोडणाऱ्या यंत्रणेच्या संगणकात मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा एक मोजक होता. तो किती दिवस पुरतो, तू हिशेब करू शकशील: ४९.७ दिवस. तो संपायच्या आत, दर ३० दिवसांनी, हातानं रीस्टार्ट करायचा असा नियम होता. एकदा राहून गेला. यंत्रणा बंद पडली, बॅकअपही सुरू झाल्यावर लगेच पडला, आणि शेकडो विमानांशी बोलणं तुटलं. रडारवर विमानं दिसत होती, पण त्यांना काही सांगता येत नव्हतं. मला विचारशील तर स्क्रीन जाण्यापेक्षा हे वाईट. पायलटशी बोलता येत असेल तर कंट्रोलर चित्र नसतानाही विमानं वेगळी ठेवू शकतो.

ते कसं, हे तुझ्या 'आंधळाच ना' चं उत्तर. रडारमुळे विमानं एकमेकांच्या जवळ आणता येतात, एवढंच. विमानतळाजवळ तीन नॉटिकल मैल, लांबवर पाच. रडार नव्हतं तेव्हाही विमानं उडत होतीच, फक्त मधलं अंतर मिनिटांत मोजत: एकाच मार्गावर, एकाच उंचीवर दहा-पंधरा मिनिटं. स्क्रीन काळा झाला की कंट्रोलर पहिली गोष्ट करतो ती उंचीची. जी दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात त्यांच्यात हजार फूट टाकतो, आणि अगदीच गळ्याशी आलं तर काही काळ त्याच्या अर्ध्यावरही भागवायची मुभा नियमात आहे. त्याच वेळी शेजारच्या केंद्रांना फोन जातो, नवीन विमानं पाठवू नका. जमिनीवरच्या विमानांना उड्डाण मिळत नाही. हवेत असलेल्यांना घिरट्यांत बसवलं जातं, एकावर एक, हजार-हजार फुटांच्या मजल्यांवर. पायलटला स्पष्ट सांगतात की रडारसेवा संपली, मग तो स्वतः आपली जागा, उंची आणि पुढच्या बिंदूची वेळ सांगायला लागतो. आणि कंट्रोलरपुढे स्ट्रिप असते, प्रत्येक विमानाची एक पट्टी, कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक. मी पाहिलेले निष्णात कंट्रोलर डोळे मिटून सांगू शकत, कोण कुठे आहे. त्यांच्या डोक्यातलं चित्र स्क्रीनपेक्षा दहा सेकंद पुढचंच असायचं.

शिवाय विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र जमिनीवरच्या रडारवर अवलंबून नसतं. एक विमान दुसऱ्याच्या ट्रान्सपाँडरला थेट विचारतं, आणि वेळ आली तर एकाला 'चढ', दुसऱ्याला 'उतर' सांगतं.

मुंबईसारख्या ठिकाणी तासाला चाळीसच्या वर विमानं एका धावपट्टीवर येतात-जातात. अंतर मैलांवरून मिनिटांवर गेलं की तो आकडा कोसळणारच. म्हणून रडार गेल्यावर पहिला बळी जातो वेळापत्रकाचा. टर्मिनलवर खोळंबलेले लोक मोबाइलवर संतापून लिहितात तेव्हा आकाशात बहुधा सगळं सुरक्षित असतं.

घात होतो अर्धवट बिघाडात. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवर एक रशियन टीयू-१५४ आणि एक मालवाहू बोइंग ७५७ धडकली, ७१ जण गेले. आकाश स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राच्या ताब्यात होतं. रडारला दोन्ही विमानं शेवटपर्यंत दिसत होती. पण त्या रात्री मुख्य यंत्रणेची देखभाल चालू होती. चित्र दुय्यम यंत्रणेवर होतं, त्यामुळे दोन विमानं जवळ येताहेत असा स्क्रीनवर चमकणारा इशारा बंद होता. टेलिफोनची मुख्य लाइनही कामासाठी बंद, आणि राखीव लाइन बिघडलेली. शेजारच्या जर्मन केंद्रातल्या लोकांना धोका दिसला, ते फोन लावत राहिले, लागला नाही. आणि एकच कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने रशियन विमानाला उतरायला सांगितलं, काही सेकंदांतच विमानातलं यंत्र त्यांना चढायला सांगू लागलं. त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं. आज नियम पक्का आहे: यंत्राने सांगितलं तर यंत्राचं ऐकायचं.

यातली एकेक गोष्ट घे. एकही 'रडार बंद' नाही. देखभालीचं काम रीतसर मंजूर, रात्रीची कमी गर्दीची वेळ निवडलेली. मी स्वतः असल्या किती परवानग्यांवर सह्या केल्या असतील. ती बातमी वाचल्यापासून एक सवय लागली: काम सुरू करण्याआधी कंट्रोलरपुढे उभं राहून, तोंडाने सांगायचं की पुढचे दोन तास तुमच्याकडे काय काय नसेल. कागदावर सही घेऊन निघून यायचं नाही.

आता थोडं नव्या संकटाविषयी, कारण तुझ्या पिढीला वाटतं फिरणारे अँटेना म्हणजे रेल्वेचं वाफेचं इंजिन. एडीएस-बी मध्ये विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि स्वतःच सगळ्यांना ओरडून सांगतं. स्वस्त, अचूक, अँटेना फिरवायला नको. पण विमानाचं जीपीएसच कुणी फसवलं तर? त्याच २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आसपास जीपीएसला खोटे सिग्नल देण्याचे प्रकार नोंदले गेले. अशा वेळी विमान प्रामाणिकपणे खोटं सांगतं. सेकंडरी रडार विमानाला 'तू कुठे आहेस' असं विचारतच नाही, उत्तर कुठून आणि किती वेळात आलं ते स्वतः मोजतं. म्हणून जुनी रडारं भंगारात काढा म्हणणाऱ्यांशी मी निवृत्तीनंतरही भांडतो.

राहिलं तुझं उलवं. सांताक्रूझची धावपट्टी आणि नव्या विमानतळाची धावपट्टी यांच्यात सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर, म्हणजे तेरा-चौदा नॉटिकल मैल. २५० नॉटच्या वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर कापायला तीन मिनिटं लागतात. त्यामुळे दोन्हीकडची विमानं वेगवेगळी समजून चालत नाही, ती एकाच ताटातली आहेत. बिघाड झाला तर खोळंबा दोन्हीकडे होईल. दुसरी गोष्ट डोंगरांची. पूर्वेला माथेरान-प्रबळगड, उत्तरेला पारसिक. रडारची लहर सरळ जाते, डोंगराच्या मागे सावली पडते, आणि खालून उडणारं विमान त्या सावलीत शिरलं की एका रडारला दिसत नाही. म्हणूनच एकाच जागेवर भरवसा न ठेवता दोन-तीन ठिकाणांहून पाहावं लागतं. खिडकीतून विमान ऐकू येतं पण दिसत नाही, तसंच ते.

आणि तू गॅलरीत बसून ज्या ॲपवर विमानं बघतेस ते रडार नव्हे. हौशी लोकांनी गच्चीवर बसवलेले रिसीव्हर विमानांचं एडीएस-बी ऐकतात, त्यावर ते चालतं. समुद्रावर रिसीव्हर नाहीत. तेव्हा अलिबागच्या पुढे एखादं विमान ॲपवरून गायब झालं, तर परवासारखा रात्री अकराला फोन करू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी केलास तर चालेल, मी तोवर येऊरहून फिरून आलेला असतो.